नऊ नंबरचा पिवळा दोरा

सोमवारी, ९ फेब्रुवारी १९४८ रोजी सकाळी साडेसात वाजता चाचणीघराच्या हौदांत अकरा ड्रम होते. प्रत्येकावर पाचशे मीटर वीज वाहणारी केबल, चोवीस तास पाण्यात बुडवलेली. पाणी सात अंशांवर. खोलीत गॅल्व्हानोमीटर एक, बॅटऱ्यांची पेटी एक, स्टुलं दोन, त्यांतल्या एकावर मी. साडेअकरापर्यंत मी अकराही ड्रमांच्या वेष्टनाचा विजेला होणारा रोध मोजला, तक्ता बघून तो पंधरा अंशांना किती होईल ते काढलं आणि वहीत लिहिलं. आठ ड्रम १,०५० ते १,३८० मेगोहमच्या दरम्यान होते. उरलेले तीन २१०, १८५ आणि २४०. करारात किमान ६०० मागितले होते.

आमच्या केबलमध्ये तांब्याच्या तारेवर कागदाच्या पट्ट्या गुंडाळतात. मग ती टाकीत सुकवतात, तेल पाजतात आणि वर शिशाचं आवरण चढवतात. रोध कमी आला तर समजायचं की कागदात ओल राहिली.

तिन्ही ड्रमांच्या टोकाचं शिसं सोलून मी आतला दोरा पाहिला. कागद गुंडाळणाऱ्या प्रत्येक यंत्राचा एक रंगीत सुती दोरा असतो. तो केबलच्या पोटात शेवटपर्यंत जातो. वीस वर्षांनी कुठे बिघाड झाला तरी खणून काढलेल्या तुकड्यावरून यंत्र कळावं, म्हणून ही पद्धत. सहा नंबरचा दोरा लाल, आठचा हिरवा, नऊचा पिवळा. तिन्ही दोरे पिवळे निघाले. अहवालात मी तेवढंच लिहिलं आणि वर पाठवलं.

दुपारी इंजिनिअर ग्रोनवालनी मला बोलावलं. रांतानिएमी केबल कारखान्याचं सगळं उत्पादन त्यांच्याकडे होतं. अहवालाची घडी घालून त्यांनी ती टेबलाच्या कडेला समांतर ठेवली होती.

"कागद तोच, तेल तेच, तांबं तेच. मग बदललं काय? नऊ नंबरवरचे हात बदलले."

"साहेब, तीन ड्रम म्हणजे नमुना फार लहान आहे."

"पूर्वेच्या शेजारी देशाला द्यायच्या युद्धभरपाईच्या मालात तीन म्हणजे फार झाले. त्यांचा तपासनीस एक मार्चला येतोय. नऊ नंबरचा भरपाईच्या मालातला पुढचा ड्रम वीस तारखेला टाकीत जाईल. तोही पडला तर हुओतारीबाईंना काढायचं. तुम्ही फक्त मोजा."

पालागा हुओतारी डिसेंबरात नऊ नंबरवर आली होती. तिच्या आधी त्या यंत्रावर तीस वर्षं हुल्दा नावाची बाई होती. ती नाताळाच्या आधी घरी बसली, आणि तिच्या हातचा एकही ड्रम कधी परत आला नव्हता. पालागा युद्धानंतर सीमेपलीकडे गेलेल्या गावाची. दोन मुली आणि सासूला घेऊन आलेली. कारखान्याच्या बराकीत तिला एक खोली मिळाली होती. त्याआधी तीन वर्षं ती माणसं एका शाळेच्या व्यायामशाळेत चादरीचे पडदे लावून राहत होती. बराकीचा नियम साधा होता. काम गेलं की चौदा दिवसांत खोली रिकामी.

मंगळवारी मी तराजू आणि बरण्या घेऊन गुंडाळणीच्या दालनात गेले. सहा नंबरवरच्या लेम्पीने मला लांबूनच पाहिलं.

"या, मास्तरीणबाई! आधी हिचे हात मोजा. तिच्या गावच्या लाडोगा सरोवराचं पाणी अजून गळतंय त्यातून."

"गळू दे," पालागा पट्टीवरची नजर न काढता म्हणाली. "तुझी जीभ मोजायचं यंत्र आणलंय का, ते विचार."

"ड्रम सुरू करताना छातीवर क्रॉस करते, बाई. आमच्या चर्चमध्ये असलं कुणी करत नाही. आधी उजवीकडे, मग डावीकडे. कागद बुचकळ्यात पडणार नाही तर काय होणार?"

दोन-चार जणी हसल्या. मी नऊ नंबरच्या रिळावरून कागदाची हातभर पट्टी कापून बरणीत घातली आणि झाकण लावलं. पालागाने यंत्र थांबवलं नाही, पण आवाज खाली आणला.

"अहवाल तुम्हीच लिहिलात ना?"

"दोरा पिवळा होता, एवढंच लिहिलं मी."

"तेवढं पुरलं की," ती म्हणाली.

कागद वजन करून, सुकवून, पुन्हा वजन केला. सहा नंबरच्या कागदात ओल ७.१ टक्के, नऊ नंबरच्या कागदात ७.२. पालागाच्या हाताखालून गेलेल्या पट्टीतही ७.२. हा फरक माझ्या तराजूच्या चुकीपेक्षा लहान होता. शिवाय ही ओल पुढे टाकीत सुकून जायचीच होती. म्हणजे प्रश्न हातांचा नसावा. पण मग तिन्ही दोरे पिवळे का?

जुनी बाडं माझ्याकडेच होती. कारखान्याला पस्तीस वर्षं झाली म्हणून एक पुस्तिका काढायची होती, आणि मला लिहिता येतं अशा समजुतीने ते काम माझ्या गळ्यात पडलं होतं. त्यातून मला पुष्कळ कळलं होतं. १९१३ साली इथे जहाजांचे दोर वळायची शेड होती. मालकाच्या मुलाने दोराच्या यंत्रात काथ्याऐवजी तांबं घालून पाहिलं. तेच यंत्र पुढे दुरुस्त करून कागद गुंडाळायला लावलं, आणि ते म्हणजे आजचं नऊ नंबर. त्यामुळे ते सगळ्यांत संथ. बाकीच्या यंत्रांचे ड्रम आठवड्याच्या मधल्या दिवसांत पुरे होतात, नऊ नंबरचा शुक्रवारी दुपारी. गुंडाळलेली केबल उघडी ठेवली तर हवेतली ओल पिते, म्हणून तो शुक्रवारीच टाकीत जातो आणि रविवारी सकाळपर्यंत सुकतो. तीन पडलेले ड्रम १६, २३ आणि ३० जानेवारीला टाकीत गेले होते. तिन्ही शुक्रवार.

म्हणजे दोष एक तर पालागाचा, नाही तर शनिवारचा. मी टाकीघराची वही मागवली. वाफेवर तापणाऱ्या टाकीचं तापमान तिथे दर दोन तासांनी लिहितात. शुक्रवार, शनिवार, रविवार, सगळीकडे ११५. ओस्सियानकाकांचं अक्षर पेन्सिलीचं, पण छापल्यासारखं. ते सत्तावीस वर्षं टाकीवर होते. वहीप्रमाणे शनिवार निर्दोष होता, आणि मग उरली पालागा. वही मिटण्याआधी मी आकडे पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत वाचले. एकशे पंधराच्या त्या रांगेत कुठेही ११४ नव्हते, ११६ नव्हते. तेव्हा मला ते फक्त नीटनेटकं वाटलं.

शनिवारी १४ तारखेला मी नेहमीप्रमाणे कारखान्याच्या सौनेत, म्हणजे वाफेच्या सामायिक न्हाणीघरात, गेले. दोन वाजता दार उघडतं. लाकडी भिंतीच्या अलीकडे बायका, पलीकडे पुरुष. वरच्या फळीवर लेम्पी पाय वर घेऊन बसली होती. पालागा खालच्या फळीवर, दाराजवळ. जानेवारीपासून ती तिथेच बसायची.

लेम्पीने दगडांवर पळीभर पाणी टाकलं. दगड कसेबसे सुसकारले.

"याला वाफ म्हणायचं? माझी गाय यापेक्षा गरम उसासे टाकायची."

"तुझी गाय?" एक जण म्हणाली. "तू तर हेलसिंकीच्या चौथ्या मजल्यावर जन्मलीस."

"म्हणून तर उसासे टाकायची बिचारी. जिन्यावर." लेम्पीने आणखी पाणी टाकलं. "लाकडं होती तेव्हाची सौना वेगळी होती. ही नळावरची. तीही पूर्वी बरी होती, पण नवीन वर्षापासून नुसतं कोमट."

"टाकी दुसरी आली ना तिकडे," खालून पालागा म्हणाली. त्या दिवशी ती प्रथमच बोलली. "चहाची किटली तेवढीच आणि पाहुणे दुप्पट."

मी फळीवर उठून बसले. दगडांच्या पेटीखालून मनगटाएवढा एक नळ भिंतीत शिरत होता. पुस्तिकेसाठी उतरून घेतलेली एक ओळ मला आठवली. नोव्हेंबर १९४२ : लाकूड मिळत नसल्यामुळे सौनेची भट्टी काढली, दगड व पाणी तापवण्यासाठी मुख्य बॉयलरवरून वाफेचा नळ घेतला. त्या वर्षी टाकी एक होती आणि तीही निम्मी रिकामी. यंदा भरपाईच्या मालासाठी १ जानेवारीला दुसरी सुरू झाली होती. बॉयलर तोच होता, आणि शनिवारी त्याच्यावर दोन टाक्या आणि शिवाय ही सौना.

पण वही ११५ म्हणत होती. मी तिथेच अडले. तेवढ्यात भिंतीपलीकडून एक भसाडा आवाज आला.

"अरे पाठ घासतोस की रंग काढतोस? सत्तावीस वर्षं टाकीवर भाजलेली कातडी आहे ती!"

पलीकडे हशा झाला. आवाज ओस्सियानकाकांचा होता.

"किती वाजले?" मी विचारलं.

"चारचा भोंगा आत्ताच झाला की," लेम्पी म्हणाली. "का गं, लगीन आहे का कुठे?"

मी ओल्या केसांवर लोकरी टोपी ओढली, अंगात येईल ते घातलं आणि अंगण ओलांडलं. बाहेर उणे अठरा होतं. टाकीघरात कुणी नव्हतं. एका टाकीत रेल्वेची केबल सुकत होती. वही खिळ्याला टांगलेली, दोऱ्याने बांधलेली पेन्सिल तिच्याखाली हलत होती. चार वाजताची जागा कोरी होती. तापमापकावर ८८ होते. मी दोनदा वाचलं, डोळे पुसून तिसऱ्यांदा वाचलं. चार वाजून बारा मिनिटं.

सोमवारी वहीत शनिवार, चार वाजता, ११५ होते. सहा वाजताही ११५.

"ओस्सियानकाका, शनिवारी चार वाजता तुम्ही कुठे होतात?"

"शनिवारी चार वाजता माणूस कुठे असतो? सौनेत."

"मग हा आकडा?"

"परत आल्यावर लिहिला. एकशे पंधराच असतं ते पोरी. सत्तावीस वर्षं एकशे पंधराच आहे."

"अठ्ठ्याऐंशी होतं. मी पाहिलं."

ते टाकीकडे वळले. मग त्यांनी हाताच्या तळव्याने तिचा पत्रा चाचपला. कपाळाला हात लावून ताप बघतात, तसा.

"हुओतारीबाईंचे ड्रम शुक्रवारी येतात," मी म्हटलं.

"मला माहीत आहे कुणाचे कधी येतात ते," ते म्हणाले आणि पेन्सिल दोऱ्यासकट खिशात घातली. खिशातून ती पुन्हा काढून खिळ्याला टांगली.

ग्रोनवालसाहेबांनी माझं सगळं ऐकून घेतलं.

"वाचन एक. तेही सौनेतून पळत आलेल्या, डोळ्यांत घाम असलेल्या माणसाचं."

"मग नऊ नंबरचा ड्रम मंगळवारी सुकवू. हात तेच, वार वेगळा."

"मंगळवारच्या टाक्या भरलेल्या आहेत. शुक्रवारची केबल मंगळवारपर्यंत उघडी ठेवली तर ओली झाली म्हणून पडेल, आणि तपासनिसाची तारीखही हुकेल."

"तर मग वार तोच ठेवू आणि सौना बंद ठेवू. एकच शनिवार."

साहेबांनी चष्मा काढला. ते स्वीडिश घरातले, पण तीस वर्षं इथेच होते.

"एकोणीसशे अठराच्या यादवीत या कारखान्यात गोळ्या चालल्या. मी होतो तेव्हा. पण शनिवारची सौना बंद ठेवा, असा हुकूम मीही काढणार नाही आणि माझ्यानंतरचाही काढणार नाही. तुम्हीच विचारा त्यांना. हो म्हणाले तर माझी हरकत नाही."

बुधवारी दुपारी जेवणघरात मी बाकावर उभी राहिले. समोर कपांतून भाजलेल्या राय धान्याची कॉफी होती. खरी कॉफी अजून रेशन कार्डावरच. मी आकडे वाचून दाखवले, नळाबद्दल सांगितलं, आणि मागणी सांगितली.

मग मागून एक जण म्हणाला, "आघाडीवर तोफा चालू असताना आम्ही तंबूत सौना तापवली. आणि आता तुमच्या गणितासाठी बंद?"

"गणितासाठी नाही. एका बाईच्या कामासाठी."

"तिचे हात ओले नाहीत कशावरून?"

"तेच तर मोजायचं आहे."

पालागा कडेच्या टेबलाशी उठून उभी राहिली. "मी कुणाला अंघोळ सोडा म्हणत नाही. माझ्यापायी अख्खा कारखाना पारोसा राहिला, असं मला नको."

"बसा, बाई," ओस्सियानकाका म्हणाले. ते दाराशी उभे होते, टोपी हातात. "तुमच्यापायी नाही. शनिवारचे चारचे आणि सहाचे आकडे मी सौनेतून आल्यावर लिहितो. न बघता. सव्वीस वर्षं झाली. पहिलं वर्ष बघत होतो. दर वेळी एकशे पंधराच, म्हणून सोडलं." त्यांनी टोपी एकदा फिरवली. "या शनिवारी मी अंघोळ करणार नाही. तापमापकासमोर बसणार. माझं पुढे काय करायचं ते साहेब बघतील. तुमचं तुम्ही बघा."

कुणीतरी चमचा कपात ढवळत राहिलं होतं, ते थांबलं.

"म्हणजे मी सहा आठवडे उगाच बोलले?" लेम्पीने विचारलं.

"उगाच कसं?" पालागा म्हणाली. "अगदी मनापासून बोललीस."

हात वर करून मत घेतलं. मी दोनदा मोजलं. बंद ठेवायच्या बाजूने ७१, विरुद्ध ५८, हात न उचललेले ९. विरुद्ध हात उचलणाऱ्यांत लेम्पीचा नवरा होता. लेम्पीने त्याचा हात खाली ओढला, पण तोवर मी मोजला होता.

शुक्रवारी वीस तारखेला दुपारी तीन वाजता नऊ नंबरचा ड्रम टाकीत गेला. पालागाने झाकण बसताना क्रॉस केला, आधी उजवीकडे, मग डावीकडे. लेम्पी शेजारीच उभी होती, तिने झाकणाला हात दिला. शनिवारी सौनेच्या दाराला कुलूप होतं. बराकीच्या बायकांनी स्वैपाकाच्या भांड्यांत पाणी तापवून पोरं धुतली आणि वर खिडक्यांतून मला ऐकू येईल अशा आवाजात ती का धुवावी लागतात ते सांगितलं.

चार वाजता मी टाकीघरात गेले. ओस्सियानकाका तापमापकासमोर स्टूल टाकून बसले होते. त्यांच्या गुडघ्यावर फडक्यात दोन पातळ कडेच्या, बटाटा भरलेल्या राय धान्याच्या पोळ्या होत्या.

"पालागाबाईने आणून दिल्या," ते म्हणाले. "लोण्यात अंडं कालवून वर लावतात म्हणे. लोणी नाही, अंडं नाही. तरी बऱ्या आहेत."

वहीत दोनला ११४ होते. चारला त्यांनी नाक तापमापकाला लागेल इतकं वाकून वाचलं आणि ११६ लिहिलं. सहाला ११५. त्या आकड्याकडे ते नाराजीने पाहत होते.

"आता हे खरं आहे," ते म्हणाले, "आणि दिसतंय पूर्वीसारखंच."

रविवारी तेल पाजलं, मंगळवारी शिसं चढलं, बुधवारी सकाळी ड्रम हौदात उतरला. गुरुवारी, २६ फेब्रुवारीला साडेसात वाजता मी चाचणीघराचं दार उघडलं तेव्हा पालागा, लेम्पी आणि ओस्सियानकाका आधीच बाहेर उभे होते. थोड्या वेळाने ग्रोनवालसाहेबही आले आणि भिंतीशी उभे राहिले. दुसरं स्टूल मी त्यांना दिलं, त्यांनी ते पालागापुढे सरकवलं. ती बसली नाही.

मी दोन्ही टोकं स्पिरिटने पुसली आणि तारा जोडल्या. वाचन विजेचा दाब दिल्यावर एका मिनिटाने घ्यायचं असतं. त्या मिनिटात गॅल्व्हानोमीटरचा प्रकाशाचा ठिपका पट्टीवर घरंगळत येतो आणि हळूहळू स्थिर होतो. जवळ कुणी पाऊल आपटलं तरी तो हलतो.

"श्वास घेतला तर चालेल का?" लेम्पीने कुजबुजून विचारलं.

"गप्प," पालागा आणि ओस्सियानकाका एकदमच म्हणाले.

घड्याळात साठ सेकंद झाले. मी वाचन घेतलं, तारा उलटून दुसरं घेतलं आणि दोन्हींची सरासरी काढली. पाणी सहा अंश होतं. तक्ता बघून पंधरा अंशांची किंमत काढली आणि वहीत लिहिली.

ड्रम बारावा, दोरा पिवळा, पाचशे मीटर : १,२४० मेगोहम.